गोठा-प्रश्नोत्तरे : कुट्टीत गेलेली सुतळी

या वेळच्या पत्रांमध्ये बरेच प्रश्न एकाच विषयाभोवती आहेत, तो म्हणजे जनावरांच्या पोटात जाणारे प्लास्टिक आणि त्याचे बारीक कण. ५ मिलिमीटरपेक्षा लहान कणाला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. म्हणजे ज्वारीच्या दाण्यापासून डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीपर्यंत सगळे त्यात आले. उत्तरे पशुवैद्यक आणि चारा-व्यवस्थापनातील जाणकारांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : दुधात मायक्रोप्लास्टिक सापडल्याची बातमी मोबाईलवर फिरते आहे. घरच्या गाईचे दूध आमची लहान मुले पितात. बंद करावे का? (संगमनेर तालुका)

दूध बंद करू नका. बातमी मात्र खोटी नाही. मेक्सिकोत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाजारातील दुधाचे २३ नमुने तपासले गेले. सगळ्यांत कण होते, लिटरमागे ३ ते ११. नेदरलँड्समध्ये २०२२ साली ॲम्स्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठाने केलेल्या प्राथमिक पाहणीत गाई आणि डुकरांच्या रक्ताच्या प्रत्येक नमुन्यात प्लास्टिक आढळले. दूध आणि मांसाच्या नमुन्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश नमुन्यांतही ते होते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी या प्रश्नाचा आढावा घेतला आणि माणसाला नेमका किती धोका आहे हे ठरवण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही, असे सांगितले. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये अन्नातील सूक्ष्मप्लास्टिक मोजण्याचा प्रकल्प सुरू केला आहे. दुधातून मुलांना मिळणारी प्रथिने आणि कॅल्शियम सोडून देण्याचे कारण यातून निघत नाही.

मेक्सिकोच्या अभ्यासातली एक गोष्ट दूधउत्पादकाने लक्षात ठेवावी. तिथे सापडलेले बरेचसे कण डेअरीत दूध गाळायला जे पडदे वापरतात, त्यांच्याच जातीच्या प्लास्टिकचे होते. म्हणजे दूध सडातून बाहेर आल्यावरही त्यात प्लास्टिक मिसळते, आणि घरच्या पातळीवर हेच थांबवणे सर्वांत सोपे आहे. कॅन स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा ठेवा. गाळायला नायलॉनच्या जाळीऐवजी स्टीलची बारीक गाळणी आणि वर स्वच्छ सुती कापड घ्या. प्लास्टिकची बादली तारेच्या घासणीने घासू नका, कारण प्रत्येक ओरखड्यातून चुरा सुटतो. मिल्किंग मशीनचे रबरी लायनर (सडावर बसणारी नळी) साधारण २५०० धारांनंतर बदलावेच लागते. दहा गाई, दोन वेळा धार आणि दोन क्लस्टर (चारही सडांना एकदम लावायचे जोड) असतील, तर एका क्लस्टरच्या दिवसाला दहा धारा होतात, म्हणजे लायनर आठ महिन्यांच्या आत बदलायला हवे. आतून बोट फिरवल्यावर खडबडीत लागले किंवा भेग दिसली, तर आकडा पूर्ण व्हायची वाट पाहू नका. अशा लायनरमुळे सडांनाही इजा होते आणि कासदाह लवकर येतो.

प्रश्न : प्लास्टिक शेणावाटे निघून जात असेल तर बिघडते कुठे? (औसा, जि. लातूर)

काय निघून जाते आणि काय अडकते, हे तुकड्याच्या आकारावर ठरते. गाईच्या कोटीपोटातून, म्हणजे पोटाच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यातून, पुढे जाणारी वाट अरुंद आहे. चारा रवंथ होऊन साधारण एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक झाला की मगच तो जाळीपोटाच्या (त्याला लागून असलेल्या दुसऱ्या कप्प्याच्या) पुढे सरकतो. पिशवीचा तुकडा किंवा दोरी तिथून जाऊ शकत नाही. पातळ पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे ते कोटीपोटात वर तरंगणाऱ्या चाऱ्याच्या थरात अडकते, रवंथ करताना पुन्हा तोंडात येते, दाढेखाली येते आणि परत आत जाते. गाय दिवसातले सात-आठ तास रवंथ करते. एवढ्या घासण्याने तुकड्याची कड झिजते आणि बारीक कण सुटतात. गिळलेली पिशवी पोटात पडल्यापडल्या मायक्रोप्लास्टिक तयार करत राहते.

हे बारीक कण पुढे आतड्यात जातात. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ साली दिलेल्या निष्कर्षानुसार १५० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण आतड्याच्या भिंतीतून शिरत नाहीत आणि शेणावाटे बाहेर पडतात. त्याहून लहान कणांतला थोडा भाग आत शिरू शकतो, आणि इंद्रियांमध्ये खोलवर जातात ते दीड मायक्रॉनहूनही लहान असतात. प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात थॅलेटसारखी रसायने घालतात, आणि जुन्या रंगीत प्लास्टिकच्या रंगात शिसे व कॅडमियम असते. कोटीपोटाच्या ३९ अंश तापमानात आणि आम्लात महिनोन्महिने पडलेल्या तुकड्यातून ती झिरपतात. उंदरांवरील प्रयोगांत मोठ्या मात्रेने आतड्याला सूज आणि जंतूंच्या संतुलनात बिघाड दिसला आहे. गाईत रोजच्या मात्रेने तेवढेच होते असे त्यावरून म्हणता येत नाही. पण कोटीपोटातील द्रव प्रयोगशाळेत घेऊन केलेल्या अलीकडच्या चाचण्यांत प्लास्टिकचे कण मिसळल्यावर चारा आंबण्याची क्रिया मंदावलेली आढळली आहे. चारा नीट आंबला नाही तर त्यातून मिळणारी ऊर्जा घटते, म्हणजे दुधाचे गणित बिघडते.

प्रश्न : गाईच्या पोटातले जंतू प्लास्टिक पचवतात असे वाचले. खरे आहे का? (दापोली)

व्हिएन्नातील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये कोटीपोटाच्या द्रवात बाटल्यांचे पीईटी, कंपोस्ट होणारे पीबीएटी आणि वनस्पतिजन्य पीईएफ ही तीन पॉलिएस्टर प्लास्टिके थोडीफार विघटित झाल्याचे दाखवले. तो प्रयोग काचेच्या भांड्यात झाला होता आणि हेतू कारखान्यात उपयोगी पडतील अशी विकरे (एन्झाइम) शोधण्याचा होता. गव्हाणीत येते ते प्लास्टिक बहुतेक पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन असते, म्हणजे पिशव्या, गोण्या, सुतळी. ते या यादीत नाही.

प्रश्न : मुरघासाच्या (आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगेचे तुकडे आणि गठ्ठ्यांची सुतळी चाऱ्यात येते. मजूर वेचून काढतात, तरी राहते. नेमके काय करावे? (इंदापूर तालुका)

सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत मोलाचा. गव्हाणीत पडलेली पिशवी हाताने उचलता येते. तीच कुट्टी यंत्रातून गेली की परत निघत नाही. हिशेब करून पाहा. सोयाबीन भुशाच्या किंवा पेंढ्याच्या चौकोनी गठ्ठ्याला सहसा दोन सुतळ्या असतात, प्रत्येकी साधारण अडीच मीटर. एका गठ्ठ्याची पाच मीटर सुतळी १ सेंटिमीटरवर लावलेल्या पात्यांखाली गेली तर पाचशे तुकडे होतात. शिवाय प्लास्टिकची सुतळी म्हणजे पीळ दिलेली पातळ पट्टी, त्यामुळे प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके पिंजून केसासारखे तंतू सुटतात. यंत्रातले लोहचुंबक खिळा धरते, प्लास्टिकला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून वेचायचे ते यंत्राच्या आधी.

सुतळी काढण्याची रीत अशी. गठ्ठा यंत्राजवळ आणण्यापूर्वी वेगळ्या जागी ठेवा. सुतळी गाठीच्या अगदी शेजारी कापा आणि गाठीकडचे टोक धरून ओढा, म्हणजे ती गाठीसकट सलग येते. मधोमध कापली आणि गाठ नसलेले टोक ओढले तर गाठ चाऱ्यात अडकते आणि सुतळी तुटते. काढलेली सुतळी खिशात किंवा जमिनीवर टाकायची नाही, भिंतीवर टांगलेल्या एका पोत्यात टाकायची. दिवसाच्या शेवटी मोजणी करा. दहा गठ्ठे उघडले तर पोत्यात वीस सुतळ्या हव्यात. अठराच असतील तर दोन चाऱ्यात आहेत आणि कुट्टी सुरू होण्याआधी त्या सापडल्या पाहिजेत. मजुरांना "नीट बघा" सांगून काम होत नाही, मोजायला सांगितले की होते.

मुरघासाच्या बॅगेबाबत चूक बहुधा कोयत्याने होते. तोंड बांधलेली बॅग कोयत्याने फाडली की आतल्या पातळ अस्तराच्या चिंध्या थेट मुरघासावर पडतात. बांधलेली दोरी सोडा, अस्तर बाहेरच्या बाजूला दुमडून बॅगेच्या काठावर उलटे करा आणि चारा काढत जाल तसे खाली दुमडत जा. कापावेच लागले तर कात्रीने एका सलग रेषेत कापा. आतले अस्तर दुसऱ्या वर्षी वापरू नका. ते पातळ असते, आम्लाने आणि उन्हाने कडक होते आणि हातात घेतले की पापुद्र्यासारखे सुटते. बाहेरची विणलेली गोणी चालेल, पण नख लावल्यावर पांढरी भुकटी सुटत असेल तर तीही बाद करा. ती उन्हाने सडलेली असते. खड्ड्यातल्या मुरघासावरचा कागद १५० ते २०० मायक्रॉनचा घ्या आणि उघडताना रोज लागेल तेवढाच मागे गुंडाळा.

पशुखाद्याच्या गोणीची शिलाई साखळीची असते आणि एकाच बाजूने सुटते. योग्य टोक सापडले की दोरा एका ओढीत पूर्ण निघतो. चुकीच्या टोकाशी झटापट करून शेवटी विळ्याने गोणी कापली की गोणीचे चपटे धागे पेंडीत जातात. मजुराला योग्य बाजू एकदा हाताने करून दाखवा.

गव्हाणीजवळ बांधलेले नायलॉनचे दावेही पाहा. गाय ते चाटते, चघळते, आणि दोरीला जी लव सुटलेली दिसते तिचा बराच भाग तिच्या पोटात गेलेला असतो. सुती दावे किंवा साखळीला सुती पट्टा लावा. निळ्या ड्रमचे दोन भाग करून केलेली गव्हाण उन्हात असेल तर तीन-चार वर्षांत तिचा तळ खरवडल्यासारखा होतो, कारण गाईची जीभ कानशीसारखी खरखरीत असते. सिमेंटची, आतून गुळगुळीत घोटलेली गव्हाण जास्त टिकते आणि धुवायलाही सोपी. रसायनांचे रिकामे ड्रम तर कधीच वापरू नका.

प्रश्न : गाय अधूनमधून फुगते, दोन दिवस बरी राहते, पुन्हा फुगते. डॉक्टरांना प्लास्टिकची शंका आहे. तेल, सोडा देऊन पिशवी विरघळेल का? (कल्याण)

विरघळणार नाही. पॉलिथिन कोणत्याही तेलात, सोड्यात, काढ्यात विरघळत नाही आणि जुलाबानेही उतरत नाही, कारण पुढची वाटच तेवढी मोठी नाही. फेसाळ पोटफुगीत तेलाने फेस मोडतो, म्हणून तात्पुरता आराम दिसतो आणि रोग मात्र आतच राहतो. जीभ ओढून बाटलीने तेल पाजताना ठसका लागला तर ते फुप्फुसात जाते, आणि मग निमोनियाने गाय जाते.

शहराजवळच्या गाईत हा रोग जास्त का, याचे कारण तिच्या तोंडात आहे. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने वेढा घालून घास ओढते, शेळीसारखी ओठांनी निवडत नाही. गाठ मारलेल्या पिशवीत खरकटे असेल तर वास आला की ती पिशवीसकट गिळते. चेन्नईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात २०१९ साली एका गाईच्या पोटातून ५२ किलो प्लास्टिक काढले. फरिदाबादला २०२१ मध्ये एका गाभण गाईच्या पोटातून ७१ किलो कचरा निघाला, पण गाय आणि वासरू दोन्ही वाचली नाहीत.

तुमच्या गाईची पाहणी अशी करा. डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खोलग्यात, मूठ दाबून धरा आणि घड्याळ लावून दोन मिनिटे मोजा. निरोगी गाईत या वेळात कोटीपोटाच्या दोन ते चार लाटा मुठीला जाणवतात. एखादीच आणि तीही दुबळी जाणवली, पोट खालच्या बाजूला मळलेल्या कणकेसारखे लागले, बोटाचा खळगा तसाच राहिला, शेण थोडे आणि चिकट पडू लागले, रवंथ कमी झाली, दूध आणि मांस उतरत गेले, तर शंका पक्की धरा. एका घासाला गाय साधारण ५० ते ६० वेळा चावते. तीस-पस्तीसवर घास सोडत असेल तर तेही लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. एक्स-रेमध्ये खिळा दिसतो, पिशवी दिसत नाही. त्यामुळे "फोटोत काही आले नाही" म्हणून निर्धास्त होऊ नका.

उपाय एकच, डाव्या भकाळीतून कोटीपोट उघडून प्लास्टिक बाहेर काढणे. गाय उभी असतानाच जागा बधिर करून ही शस्त्रक्रिया करतात. आधी साधारण २४ तास चारा बंद ठेवावा लागतो. पोट रिकामे केल्यावर निरोगी गाईच्या कोटीपोटातला कोमट द्रव तीन ते पाच लिटर आत सोडला तर पचन लवकर सुरू होते. डॉक्टरांशी याबद्दल आधीच बोला, कारण ऐन वेळी तो मिळत नाही. पहिले दोन-तीन दिवस मऊ हिरवा चारा आणि थोडी वाळलेली वैरण द्या. खुराक आठ-दहा दिवसांत हळूहळू पूर्वपदावर आणा. टाके दोन आठवड्यांच्या आसपास काढतात. गाय शेवटच्या महिन्यांत गाभण असेल किंवा अगदी खंगली असेल तर धोका वाढतो, म्हणून "अजून थोडे बघू" करत महिने घालवू नका. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करा. तुम्हाला परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ पडेल, इतरांनी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय गाठावे.

प्रश्न : पोटभर चारा असूनही कालवड चिंध्या, दोऱ्या, कागद चघळते. (कोपरगाव)

हे पायका रोगाचे लक्षण आहे. बहुतेक वेळा फॉस्फरसची कमतरता किंवा जंत, आणि पुष्कळदा दोन्ही. उसाचे वाढे मुख्य चारा असेल तर कमतरता लवकर येते, कारण वाढ्यात फॉस्फरस कमी असतो आणि त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमही अडवून ठेवते. शेण तपासून जंतांचे औषध द्या. कालवडीला रोज २५ ते ३० ग्रॅम आणि दुभत्या गाईला ५० ग्रॅम चांगले खनिज मिश्रण द्या, खुराकात गव्हाचा कोंडा ठेवा, मीठ चाटायला ठेवा. रक्तात फॉस्फरस फारच कमी निघाला तर इंजेक्शन डॉक्टरच ठरवतील. तोवर तिच्या जिभेच्या टप्प्यात एकही चिंधी राहू देऊ नका. खोड सुटेपर्यंत तिने गिळलेले वर्षानुवर्षे पोटात राहील.

प्रश्न : गाय वारंवार उलटते, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येते. मायक्रोप्लास्टिकमुळे असेल का? (शिरोळ)

गाईच्या बीजांडकोशातील द्रवात मायक्रोप्लास्टिक सापडले आहे आणि प्रयोगशाळेत पॉलिस्टायरीनच्या कणांसोबत ठेवलेली गाईची बीजांडे नीट पक्व झाली नाहीत. २०२३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो महत्त्वाचा आहे. पण तुमच्या गोठ्यातली गाय उलटते त्याचे कारण आधी तिथे शोधू नका. माज सकाळी दिसला तर रेतन संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हे पाळले जाते का? माजाच्या वेळचा सोट (चिकट स्राव) स्वच्छ काचेसारखा आहे की त्यात पूची रेघ आहे? खनिज मिश्रण खरोखर रोज जाते का? व्याल्यानंतर जार अडकला होता का? तीन वेळा उलटली की गर्भाशयाची तपासणी करून घ्या. नव्या शब्दाच्या मागे लागून जुना, बरा होणारा दोष राहून जाऊ नये.

प्रश्न : कलिंगडानंतर मल्चिंग पेपरसकट (वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकसकट) रोटाव्हेटर मारला. आता त्या रानात मका चाऱ्यासाठी करायचा आहे. चालेल का? (माढा तालुका)

या हंगामात चाऱ्याचे पीक टाळा आणि जनावरे तर मुळीच चरायला सोडू नका. स्पेनच्या मुर्सिया भागात मल्चिंग वापरणाऱ्या भाजीपाल्याच्या रानात चरणाऱ्या मेंढ्यांच्या लेंड्या तपासल्या. ९२ टक्के नमुन्यांत प्लास्टिक निघाले, किलोमागे सुमारे हजार कण. आपल्याकडे कलिंगड, टोमॅटो निघाल्यावर मेंढरे बसवतात, तिथे हेच घडते.

आता जमीन कोरडी असताना कुळवाच्या दोन आडव्या-उभ्या पाळ्या द्या. फासेत अडकलेले आणि वर आलेले तुकडे माणसे लावून वेचा आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा एकदा वेचा, कारण माती धुपली की राहिलेले उघडे पडतात. तरीही चारा करावाच लागला तर कापणी जमिनीपासून चार-सहा बोटे वर ठेवा. तुकडे आणि माती बुंध्यालाच असतात.

पुढच्या वेळी क्रम असा ठेवा. पाणी तोडा, वेल बुडाशी कापून बाहेर काढा, मग ठिबकच्या लॅटरल नळ्या गुंडाळा, आणि शेवटी दोन्ही कडांची माती कुदळीने सैल करून दोघांनी मिळून पेपर गुंडाळत जा. १५-२० मायक्रॉनचा पेपर एका हंगामातच फाटतो, २५-३० मायक्रॉनचा बराचसा सलग निघतो. पैसे वाचवायला पातळ घेतला तर वेचणीच्या मजुरीत ते जातात. "ऑक्सो-डिग्रेडेबल" लिहिलेला पेपर नको, तो नाहीसा होत नाही, नुसता बारीक तुटतो. निघालेला पेपर बांधावर किंवा गोठ्यामागे जाळू नका. त्यातून सुटणारी विषारी द्रव्ये चाऱ्यावर बसतात, आणि डायॉक्सिनसारखी द्रव्ये दुधाच्या चरबीत साठतात.

प्रश्न : आमच्या जनावरांच्या पोटात प्लास्टिक जाते की नाही, हे घरी कळेल का? (राहुरी)

डोळ्यांना दिसणारे तुकडे कळतील. शेणाचा पो पडल्यावर जमिनीला न टेकलेला वरचा भाग घ्या, एक किलो. लोखंडी किंवा स्टीलच्या बादलीत दहा लिटर पाण्यात कालवा आणि दहा मिनिटे स्थिर ठेवा. वर तरंगणारा भाग रव्याच्या चाळणीवर ओता, खाली बसलेला गाळही वेगळा धुऊन चाळा, कारण बाटलीचे आणि पाइपचे प्लास्टिक बुडते. चाळणीवर राहिलेले काळ्या कापडावर पसरून उन्हात पाहा. चकचकीत पापुद्रे, निळे-हिरवे धागे, चपट्या पट्ट्या चिमट्याने वेगळ्या करा. शंका असेल तिथे सुई तापवून टोकवा. काडी काळी पडते आणि जळक्या गवताचा वास येतो, प्लास्टिक आकसते, वितळते आणि सुईला तार धरते. अंगावर सुती कपडे असू द्या, नाहीतर ओढणीचा किंवा स्वेटरचा धागा गाईच्या नावावर लागेल.

तीन जनावरे, सलग तीन दिवस, असे नऊ नमुने पाहा आणि तुकड्यांचा रंग वहीत लिहा. उगम शोधायला तोच कामी येतो. निळे धागे बहुधा दाव्याचे किंवा ताडपत्रीचे, पांढऱ्या चपट्या पट्ट्या गोणीच्या, काळे-चंदेरी पापुद्रे मल्चिंगचे. ती वस्तू बदलल्यानंतर तीन आठवड्यांनी तेच नमुने त्याच पद्धतीने पुन्हा धुऊन पाहा.